बिनमिठाचा सिनेमा

मित्रांनो, मला पाहून कुणालाही वाटेल की ही साबणाची डबी आहे. माझा एक कोपरा उडाला आहे, पोटाला चिकटपट्टी गुंडाळली आहे आणि वायरचं तोंड सैल झालं आहे. चालू केली की आतून टकटक आवाज येतो. हल्ली कुणी मला टेबलावर जरा जोरात ठेवलं, तर मी अर्धा सिनेमा विसरून जाते. मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. पण क्युबातल्या कामाग्वेय शहरातल्या आमच्या गल्लीत हे नाव कुणी घेत नाही. तिथे मी ‘ओस्मेलची डबी’, आणि एके काळी माझ्याशिवाय त्या गल्लीचा आठवडा सुरू होत नसे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका थंडगार कारखान्यात झाला. तिथली माणसं पांढरे झगे आणि टोप्या घालून काम करत. माझ्यात धुळीचा कण जाऊ नये म्हणून श्वाससुद्धा जपून सोडत. पुढे पनामातल्या एका दुकानातून माझ्या मालकाच्या, ओस्मेलच्या, मावसबहिणीने मला घेतलं आणि मोज्यात गुंडाळून क्युबाला आणलं. एवढ्या सोवळ्यात जन्मलेली मी, माझा पहिला प्रवास झाला तो मोज्यातून. पुढे काय काय पोटात घालावं लागणार आहे, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आमच्याकडे सिनेमे तारेतून येत नाहीत, सायकलवरून येतात. दर सोमवारी ओस्मेल मला शहरातल्या एका माणसाकडून काठोकाठ भरून आणायचा. नवे सिनेमे, मालिका, गाण्याचे कार्यक्रम, स्वयंपाकाचे धडे, सगळं माझ्यात. मग आठवडाभर मी घरोघर फिरायची. लोक मला आपल्या संगणकाला जोडत आणि सगळंच्या सगळं उतरवून घेत. आधी उतरवायचं आणि काय मिळालं ते मग बघायचं, ही गल्लीची रीत. आणि डबी परत देताना दारात उभं राहून सिनेमाविषयी मत द्यायचं, ही दुसरी रीत. मत दिल्याशिवाय डबी कुणी सोडतच नसे.

काय एकेक मतं ऐकली मी! रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला राहणारी मिगदालिया दणदणीत आवाजाची बाई. ती म्हणायची, “पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं मी, नवराच खुनी. माझ्या घरात एक नवरा आहे ना, मला नाही कळणार?” कोपऱ्यावर डॉमिनोचा डाव मांडून बसणारा ओनेलिओ साखर कारखान्यातून निवृत्त झालेला. त्याचं मत वेगळं. “गाड्या झकास फुटतात रे. पण त्या हिरोला एकदाही भूक लागत नाही. हा कसला माणूस?” वीज तर आमच्याकडे कधीही जाते. मग सिनेमा अर्धाच राहतो, पण त्यावरून मत कधी अडलं नाही. राहिलेला शेवट लोक स्वतःच रचत, आणि दुसऱ्या दिवशी ‘शेवट अगदीच फालतू’ असं ठासून सांगत.

आता गंमत ऐका. माझा मालक ओस्मेल स्वतः एकही सिनेमा बघत नसे. वेळच नव्हता त्याला. पण प्रत्येक घरात लोक विचारत, “ह्या वेळी चांगलं काय आहे?” मग मिगदालियाकडे ऐकलेलं मत तो ओनेलिओला द्यायचा, आणि ओनेलिओचं पुढच्या घरी. स्वतःचं म्हणून. एकदा त्याने एका रडक्या सिनेमाची शिफारस लग्नघरात केली आणि नवरीच्या आईकडून शिव्या खाल्ल्या. तरी त्याची विद्या उघडी पडली नाही, कारण लोकांना मत मिळाल्याशी काम होतं.

शनिवारी सगळ्यांत शेवटी मी जायची सोराइदाबाईंकडे. बाई निवृत्त शिक्षिका. ओस्मेलला, मिगदालियाच्या मुलाला, निम्म्या गल्लीला त्यांनीच अक्षरं गिरवायला लावली होती. त्यांची मुलगी यामिले दूर उरुग्वेत, मोन्तेविदेओला गेलेली. घरात बाई एकट्या, दोन झुलत्या खुर्च्या, परसात पावसाच्या पाण्याचा मोठा मातीचा रांजण. बाईंकडे संगणक नव्हता. टीव्हीच्या पाठीत माझी वायर खुपसून त्या थेट माझ्यातूनच बघत. म्हणून मी तिथे शनिवार ते रविवार मुक्कामाला असे.

बाईंसारखं मत गल्लीत कुणाचं नव्हतं. “रडताना तिचं नाक लाल झालं नाही,” त्या एकट्याच टीव्हीला म्हणत. “नाक लाल न होता कोण रडतं?” आणि एक गोष्ट त्या ओस्मेलला नेहमी सांगत. “त्या म्हाताऱ्याच्या शर्टाला एक बटण नव्हतं, बघितलंस? म्हणून तो खरा वाटला. खोट्यात एक बारीकशी खोड घालावी लागते पोरा. सगळं छान छान दिसलं की समजावं, कुणीतरी आपल्याला फसवतंय.”

ओस्मेल दारात उभा. एक पाय जमिनीवर, एक पाय सायकलच्या पायडलवर. “हो बाई, बरोबर बाई. डबी देता ना?”

“बस जरा. कॉफी ठेवलीय.”

“पुढच्या वेळी नक्की, बाई.”

पुढच्या वेळीही तो पायडलवरच असे. दोन खुर्च्यांपैकी एक खुर्ची कायम रिकामी झुलायची, तीही वाऱ्याने.

बाई गल्लीत सगळ्यांना सांगत की यामिलेचा दर रविवारी फोन येतो. मी तर दर रविवारी तिथेच असायची, मित्रांनो. फोन टीव्हीशेजारीच होता. मी तो वाजलेला ऐकला नाही. मला तेव्हापासूनच बाईंकडे बघायची थोडी लाज वाटे. आपल्याला ठाऊक नसायला हवं ते ठाऊक झालं की वाटते तशी.

एका रविवारी ओस्मेल मला न्यायला आला, तर बाई पांढरा ब्लाउज घालून, ओठांना लाली लावून बसलेल्या. गल्लीतलं कुणीतरी मोन्तेविदेओला निघालं होतं आणि त्याच्या हाती बाईंना यामिलेसाठी निरोप पाठवायचा होता. पत्र नाही, तोंडी. ओस्मेलने आपला फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, बटण दाबलं.

“आता तू बाहेर जा,” बाई म्हणाल्या. “तुझ्यासमोर मला सुचायचं नाही.”

तो परसात रांजणापाशी जाऊन उभा राहिला. मी टेबलावर होते, मला कोण बाहेर घालवणार?

बाईंनी घसा साफ केला. “यामिले, मी बरी आहे. घरात दिवसभर माणसांची ये-जा असते, दुपारी डोळा लावायलासुद्धा मिळत नाही. समोरची मिगदालिया दर गुरुवारी काळ्या घेवड्याचा वाडगा पाठवते. डॉक्टरांनी मला थोडा रक्तदाब सांगितलाय, वयाचाच गं, तर बिचारी माझ्यापुरता बिनमिठाचा करते. चव नसते त्याला. पण तिला कुठल्या तोंडाने सांगू? पाण्याचा टँकर आला की ओनेलिओ माझ्या बादल्या भरतो. फक्त शीळ घालतो मेला, एकच सूर, डोकं उठतं. आणि ओस्मेल शनिवारी येऊन बसतो. कॉफी पितो. आम्ही सिनेमावर भांडतो, त्याला एकाही सिनेमाचा शेवट आवडत नाही. तेव्हा तुला फोन करायला जमत नसेल तर नको करूस. मला तरी इथे कुठे वेळ आहे?”

मग त्या हसल्या. आणि फोन बंद कसा करायचा ते न कळल्यामुळे तशाच हसत बसून राहिल्या, ओस्मेल येईपर्यंत.

मित्रांनो, त्यातला एकही शब्द खरा नव्हता. मिगदालियाच्या घेवड्याचा वास रोज रस्ता ओलांडून यायचा, घेवडा कधी आला नाही. रक्तदाबही बाईंना नव्हता. आदल्या आठवड्यात टँकर आला तेव्हा रांगेत ‘शेवटचं कोण?’ असं विचारून बाई उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांची पाळी येण्याआधीच पाणी संपलं. ओनेलिओची पिंपं मात्र काठोकाठ भरली होती. बाईंनी प्रत्येक खोट्यात एकेक खोड घातली होती. कसब होतं त्यांचं.

घरी जाऊन ओस्मेलने तो निरोप फोनमधून माझ्यात टाकला, कारण त्याच्या संगणकात जागा म्हणून उरली नव्हती. माझ्यातून तो एका इवल्याशा पेनड्राइव्हवर घेतला आणि मोन्तेविदेओला निघालेल्या त्या शेजाऱ्याला नेऊन दिला. पण माझ्यातून तो पुसायचं ओस्मेल विसरला. आणि घाईत त्याने निरोप टाकला होता तो ‘नवे सिनेमे’ या खणात. फोनने त्याला नाव दिलं होतं नुसत्या आकड्यांचं. आकड्यांचं नाव यादीत सगळ्यांच्या वर येतं. सोमवारी मला नव्या मालाने भरून तो फेरीवर निघाला.

पहिलं घर मिगदालियाचं. तिने मला जोडलं, सगळं उतरवलं आणि सगळ्यांत वरचं लावलं.

“अगं बाई! ही तर आपली सोराइदाबाई! या रे सगळे, बाई सिनेमात आल्या!”

नवरा दाढीचा साबण तोंडावर घेऊन धावत आला, मुलगा आला. “लाली काय, ब्लाउज काय! हिरॉइनच की!” हसणं चाललं होतं. मग मिगदालियाचं नाव आलं, आणि गुरुवार आला, आणि वाडगा.

नवऱ्याने तिच्याकडे बघितलं. “तू पाठवतेस?”

मिगदालियाच्या हातात पळी होती. मागे चुलीवर घेवडा रटरटत होता. तिने निरोप शेवटपर्यंत बघितला, बाई नुसत्या हसत बसल्या होत्या तोही भाग, आणि मग पडदा बंद केला. त्या दणदणीत बाईला गप्प झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मला वाटलं, माझी वायर जळून जावी.

ओनेलिओकडेही तेच झालं. डॉमिनोची मंडळी टाळ्या पिटत होती. “बाई म्हणतात तू शीळ घालतोस! अरे, तुला शीळ येते तरी का?” मग एकाने हळूच विचारलं, “मागच्या टँकरला बाई रांगेत होत्या ना रे?” ओनेलिओने हातातले ठोकळे पालथे घातले आणि डाव मोडून आत गेला.

ओस्मेल मला घरोघरून परत घेत फिरला, तेव्हा त्याला काही उमगेना.

“काय मावशी, कसा वाटला सिनेमा?”

“कुठला?”

“कुठलाही.”

“ने बाबा ती डबी,” मिगदालिया म्हणाली आणि दार लावलं.

ओनेलिओने तर मला खिडकीतूनच बाहेर दिलं. दारामागून दार, कुणाचंही मत नाही. ओस्मेलला वाटलं, आपल्या धंद्यावर कुणीतरी टपलंय. असा कोणता सिनेमा आहे की ज्याने सगळी गल्ली गप्प केली, ते बघायला तो शुक्रवारी दार लावून बसला. आयुष्यात पहिल्यांदा. आणि त्यानेही सगळ्यांत वरचा लावला.

आपलं नाव आलं तेव्हा तो खुर्चीत बसला होता. पुढे तो उठून उभा राहिला. बसवेना त्याला. ‘ओस्मेल शनिवारी येऊन बसतो,’ हे वाक्य त्याने उभ्याने पुन्हा ऐकलं, आणखी एकदा ऐकलं. कान लाल झाले होते. शेवटी त्याने तो निरोप माझ्यातून पुसून टाकला.

मित्रांनो, एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल. आम्हाला पुसलं तरी आम्ही लगेच विसरत नाही. यादीतलं नाव तेवढं जातं. खालचं सगळं तसंच राहतं, बराच काळ.

शनिवारी ओस्मेलने सायकल भिंतीला टेकवून ठेवली. मला टेबलावर ठेवलं आणि तो रिकाम्या खुर्चीत बसला.

“बाई, कॉफी आहे का?”

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. कॉफी आणली, समोर बसल्या आणि झुलू लागल्या.

“ह्या आठवड्यात मी एक सिनेमा बघितला,” त्या म्हणाल्या.

“कुठला, बाई? मी तर डबी आत्ताच आणली.”

“माझ्याच दारात चालला होता. गुरुवारी मिगदालिया आली. हातात वाडगा. दारात उभी, बोलता येईना तिला. ठेवून पळाली. घेवडा तोंडात घातला, तर मीठ नाही. मिगदालियाचा हात किती खारट आहे ते साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. म्हटलं, विसरली असेल. काल टँकर आला. ओनेलिओ माझ्या बादल्या घेऊन गेला, भरून आणल्या. आणि त्याला शीळ येत नाही रे. नुसता ओठांचा चंबू करून फुसफुस करत होता. आणि आज तू बसलास.”

ओस्मेलने कप खाली ठेवला.

“माझं मत विचारशील तर, नट भिकार. सगळ्यांनी संवाद पाठ केलेले. रक्तदाबाचं मी ह्या गावात कुणाला बोलले नाही, कारण मला तो नाहीच. मी तो फक्त त्या तुझ्या फोनला सांगितला. किती जणांनी बघितलं?”

“बाई, माझ्याकडून चुकून...”

“किती जणांनी?”

“सगळ्यांनी.”

“आणि काय म्हणाले?”

हे त्याचं रोजचं काम होतं, लोकांचं म्हणणं ह्या दारातून त्या दारात नेणं. “कुणीच काही बोललं नाही, बाई,” तो म्हणाला. “डबी दिली आणि दारं लावली.”

“एवढा वाईट होता?”

बाई उठल्या. आमच्या गल्लीत दिवसाउजेडी खिडकी कुणी लावत नाही, बाईंनी ती लावली. “जा तू,” त्या म्हणाल्या. “आणि ही डबीपण ने. मला काही बघायचं नाही.”

त्यानंतर बरेच आठवडे ती खिडकी उघडली नाही. मी सायकलच्या टोपलीतून दर शनिवारी जायची आणि तशीच परत यायची. बाईंचा काय गुन्हा होता? एकटं असणं हा गुन्हा नाही. पण त्या लाजल्या होत्या, आणि त्यांना लाजवणारे लोक त्यांच्याहून जास्त लाजले होते. सगळी गल्ली त्या बंद खिडकीसमोरून जाताना पाय उचलून चालायची. आणि त्या सगळ्यांमध्ये जो निरोप फिरला, तो मी पोटातून फिरवला होता.

खिडकी उघडवली ती मिगदालियानेच. एका गुरुवारी ती वाडगा घेऊन आली. ओस्मेल तेव्हा पलीकडच्या दारात होता आणि मी टोपलीत.

“बाई, उघडा. हात भाजतोय माझा.”

आतून आवाज आला, “कीव नकोय मला.”

“कीव कसली? मला शरम वाटते, ती घालवायला आलेय. स्वतःच्या सोयीनं आलेय मी. उघडा!”

मग, “मीठ घातलंय?”

“घातलंय.”

“किती?”

“माझ्या हाताला येतं तेवढं.”

खिडकी वीतभर उघडली आणि वाडगा आत गेला. त्या शनिवारी बाईंनी मला ठेवून घेतलं.

आता मला म्हणायला आवडलं असतं की त्यानंतर प्रत्येक गुरुवारी वाडगा गेला. तसं झालं नाही. मिगदालिया चार वेळा विसरायची, पाचव्यांदा आठवण आली की दुप्पट आणायची. ओनेलिओ बादल्या भरायचा, पण आधी स्वतःची पिंपं. ओस्मेल मात्र बसायचा. सुरुवातीला खुर्चीच्या काठावर, मग नीट. बाईंसोबत सिनेमा बघताना त्याला झोप यायची आणि बाई त्याला पायाने ढोसायच्या.

आणि मग तो शेजारी मोन्तेविदेओहून परतला. यामिलेने त्याच पेनड्राइव्हवर उलटा निरोप धाडला होता. ओस्मेलने तो मुठीत घट्ट धरून आणला. “ह्या डबीत टाकलेला नाही, बाई,” त्याने दारातूनच सांगितलं. मला राग आला नाही, फक्त मान वर करता आली नाही. त्याने तो टीव्हीच्या पाठीत खुपसला आणि बाहेर जायला निघाला.

“बस,” बाई म्हणाल्या. “मला एकटीला नाही बघवायचं.”

यामिले एका टेबलाशी बसलेली होती. केस नीट विंचरलेले. “आई, तू बरी आहेस हे बघून बरं वाटलं. मीपण मजेत आहे. इथे काम भरपूर, मैत्रिणी भरपूर, रविवारी तर घरात गर्दीच असते. म्हणून फोन राहतो गं. खालच्या मजल्यावरची बाई मला सूप आणून देते. तीन जिने चढेपर्यंत ते थंड होतं, पण तिला कुठल्या तोंडाने सांगू? माझी काळजी करू नकोस.”

ती हसली. आणि हसणं जरा जास्त वेळ राहिलं.

पडदा काळा झाला. बाई झुलायच्या थांबल्या होत्या. “काय वाटलं तुला?” त्यांनी विचारलं.

ओस्मेलने कुणाचं मत ऐकलेलं नव्हतं. उसनं द्यायला त्याच्याकडे काही नव्हतं. “खोटा आहे, बाई,” तो हळूच म्हणाला. “तिने घरात कोट घातला होता. वरपर्यंत बटणं लावून. चूल पेटलेलं घर नाही ते. आणि मैत्रिणींची नावं नाही घेतली तिने, एकीचंही नाही.”

“थंड सूप,” बाई म्हणाल्या. “खोड घातलीय बघ. माझीच पोर.” आणि त्या रडल्या. त्यांचं नाक चांगलं लालभडक झालं. “मला वाटायचं, ती मला विसरली. ती लाजत होती रे. फोन करून काय सांगणार होती? तिकडे ती लाजली, इकडे मी. दोघींनी मिळून नुसते सिनेमे काढले.”

मग त्यांनी ब्लाउजच्या बाहीने डोळे पुसले. “फोन काढ. लाव साखरेच्या डब्याला.”

“मी बाहेर जातो.”

“कशाला? बस तिथेच. खोटं बोलायला लागले तर सांग.”

त्यांनी लाली लावली नाही. घरातल्याच कपड्यात बसल्या. “यामिले, मी तुझा सिनेमा बघितला. सूप थंड नव्हतं. सूपच नव्हतं. माझ्याकडेही घेवडा नव्हता. आता येतो कधीमधी, खारट असतो. ओस्मेल बसतो आणि झोपतो. तू काय करतेस, कशी राहतेस, ते मला नको सांगूस, तुला सांगवत नसेल तर. पण फोन कर. बोलायला काही नसलं तर सिनेमावर बोलू. तू काय बघितलंस, मी काय बघितलं. तेवढं पुरे आहे मला. ये म्हणणार होते, पण ते नंतर.”

ओस्मेलने बटण बंद केलं. “पेनड्राइव्हवर घेतो, बाई. फोनमधून लगेच पुसतो.”

बाई माझ्याकडे बघत होत्या. “नको पुसूस. ह्या डबीत टाक.”

“बाई!”

“नव्या सिनेमांत टाक, सगळ्यांत वर. पहिला सगळ्यांनी फुकट बघितला ना? मग दुसराही बघू दे. मला आता तोंड लपवायचा कंटाळा आलाय.”

मित्रांनो, त्या सोमवारी मी सायकलच्या टोपलीत जितकी जपून बसले, तितकी कधी बसले नव्हते. आणि त्या आठवड्यात गल्लीला पुन्हा वाचा फुटली. “खारट म्हणते मला!” मिगदालिया दारात उभी राहून ओरडली आणि पदराला डोळे पुसावेत तसे एप्रनला पुसले. “सांग तिला, उद्या घेऊन येते, तोंडात घालून मग बोल म्हणावं!” ओनेलिओ मला हातात घेऊन दारात आला. “ह्यात माझं नाव नाही,” तो म्हणाला. मग म्हणाला, “नसू दे. बरोबर आहे तिचं.” त्यानंतरच्या टँकरला बाईंच्या बादल्या आधी भरल्या गेल्या.

आता मी थकले आहे. ओस्मेलने नवी डिस्क घेतली, माझ्या चौपट पोटाची. मला तो फेकणार होता, पण बाईंनी मागून घेतलं. मी त्यांच्या टीव्हीवर विणलेल्या रुमालावर पडलेली असते. कुणी जोडत नाही, आणि ते बरंच आहे. माझ्या आत तो पहिला निरोप अजूनही कुठेतरी तळाशी आहे. त्याची लाज मला शेवटपर्यंत पुरेल.

माझी एकच विनवणी आहे. आपल्या हातून दुसऱ्याच्या घरी काय जातंय, ते एकदा उघडून बघत चला. आणि कुणी ‘बस जरा’ म्हणालं, तर पायडलवरचा पाय खाली घ्या. आमच्यासारख्या डब्या चिकटपट्टीने जोडता येतात. बंद खिडकीला चिकटपट्टी लागत नाही.

रविवारी फोन वाजतो. दर रविवारी नाही, पण वाजतो. बाई खुर्ची ओढून घेतात आणि नमस्कार-चमत्काराआधीच विचारतात, “काय बघितलंस?” तिकडून यामिले काहीतरी सांगते. मग बाईंचा हात माझ्या पाठीवर येऊन टेकतो आणि त्या म्हणतात, “थांब हं, इथे ओस्मेल बसलाय. त्याचं आणि माझं भांडण चाललंय. त्याला शेवट आवडलेला नाही.”

आणि ह्या वेळी ते खरं असतं.